दोन नाकांची राणी

आमच्या देव्हाऱ्यात गणपती, अन्नपूर्णा, बाळकृष्ण आणि इंग्लंडची राणी अशी मंडळी एकत्र नांदतात. राणी चांदीच्या जुन्या रुपयावर आहे. हा रुपया माझ्या सासूबाईंना त्यांच्या सासूबाईंनी सूनमुखाला दिला होता. दर दिवाळीत त्या तो चिंचेनं घासून लख्ख करतात आणि लक्ष्मीपूजनाच्या ताटात मांडतात. राणीची इतकी सेवा तिच्या राज्यातही कुणी केली नसेल.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर माझ्या नवऱ्यानं मोबाइलवर ह्या रुपयाचा फोटो काढला, मोठा करून पाहिला आणि म्हणाला, "आई, तुझ्या राणीला दोन नाकं आहेत."

खरंच होती. एक नाक, आणि त्याच्या किंचित पुढे दुसऱ्या नाकाची कड. नवऱ्याला जुन्या नाण्यांचे व्हिडिओ बघून अर्धवट ज्ञान झालेलं. "एक तर टांकसाळीत चुकलंय, नाहीतर बनावट आहे," असं सांगून तो ऑफिसला गेला. असं काहीतरी पेटवून ऑफिसला जाणं त्याला छान जमतं.

सासूबाईंनी रुपया देव्हाऱ्यातून उचलला आणि फ्रिजवर ठेवला. चौकशी पूर्ण होईपर्यंत निलंबित. मला हसू आवरेना.

"हस तू," त्या म्हणाल्या. "माझं लग्न ह्यांनी स्वतः ठरवलेलं. सासूबाईंच्या मनात नव्हतं. थोरल्या जाऊबाईंना मात्र त्यांनी बघून, पसंत करून आणलेलं. दोघींना एकेक रुपया दिला. माझाच खोटा निघाला तर त्याचा अर्थ काय?"

त्यांच्या सासूबाई जाऊन कितीतरी वर्षं झाली. पण त्यांनी आपल्याला मनापासून घरात घेतलं होतं की नाही, हे सासूबाईंना अजून नक्की कळलेलं नव्हतं. आणि आता सगळं एका नाकावर येऊन अडलं होतं. मी हसायची थांबले.

दुसऱ्या दिवशी डोंबिवलीतल्या आमच्या नेहमीच्या सराफाकडे गेलो. त्यानं रुपया काट्यावर ठेवला. "चांदी आहे, पण वजन थोडं कमी भरतंय." सासूबाईंचा चेहरा पडला. मी चिंचेचं सांगितलं. "मग निम्मी राणी तुमच्या मोरीतून वाहून गेली," असं म्हणून त्यानं भिंग लावलं. नुसतं नाकच नाही, कडेची अक्षरंही त्याच बाजूला दोनदा उमटली होती. "ठशाखाली नाणं हललं असणार. बनावट करणारा असलं काम कशाला करेल? त्याला नजरेत यायचं नसतं." मग सराफच तो, लगेच अंग काढून घेतलं. "पण मी जुन्या नाण्यांतला नाही. खात्रीचा रुपया मिळाला तर दोन्ही फरशीवर वाजवून बघा."

खात्रीचा रुपया म्हणजे जाऊबाईंचा. रविवारी आम्ही त्यांच्याकडे कोपरीला गेलो.

ह्या जाऊबाई म्हणजे माझ्या मोठ्या सासूबाई. दिलदार, पण थोरलेपण सोडतील तर शपथ. दोन नाकांचं ऐकून त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग कपाटातून मखमलीची डबी काढून आणली. "माझी बघ कशी एका नाकाची आहे. सासूबाईंनी मला रुपया पारखून दिलेला."

सासूबाईंनी पर्समधून आमचा रुपया काढून माझ्या हातात दिला.

मी तो सोफ्यापुढच्या टाइलवर टाकला. खण्णकन वाजला, आणि आवाज बराच वेळ रेंगाळला. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले.

"आता खरा ऐका," मोठ्या सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी आपला टाकला.

ठप्प. साबणाची वडी पडावी तसा. त्यांनी पुन्हा टाकला. पुन्हा ठप्प.

मोठ्या सासूबाई रुपया तळहातावर घेऊन त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. मला वाटलं, आता काही खरं नाही. इतक्या वर्षांचं उट्टं काढायची संधी आपणहून चालून आली होती. मी असते तर कोपरीपासून डोंबिवलीपर्यंत दवंडी पिटली असती.

सासूबाई वाकल्या आणि बोटानं टाइल ठोकून बघितली. "जाऊबाई, ही टाइल पोकळ झालीये तुमची. बिल्डरनं खाली सिमेंटच घातलेलं दिसत नाही."

"हो ना," मोठ्या सासूबाई घाईघाईनं म्हणाल्या. "मी केव्हाची सांगतेय मुलाला."

त्याच टाइलवर आमचा रुपया आत्ताच खणखणला होता. मी तोंड उघडलं. सासूबाईंनी चिवड्याची बशी माझ्या हातात दिली.

"तू खा," त्या म्हणाल्या.

मी मुकाट्यानं खाल्ला. सासूबाईंबद्दल इतकी माया मला त्याआधी कधी वाटली नव्हती. चिवडा मऊ पडला होता, पण तेही मी बोलले नाही.