देवीच्या दिव्यांची बॅटरी

मी वेसाव्याला देवीसाठी जात नसे, माईकसाठी जात असे. हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली. आवाज बरा, चारचौघांत उभं राहायची हौस दांडगी. अशा माणसाला नारळी पौर्णिमेला होडीवर आरती म्हणायला बोलावलं, तर तो आपली श्रद्धा कशाला तपासत बसेल? माझा कोळी मित्र हरेश दर वर्षी बोलवायचा आणि मी झब्ब्याला इस्त्री करून अंधेरीहून हजर व्हायचो. देवी ऐकते का, याबद्दल मला शंकाच होती. लोक ऐकतात, याची मात्र खात्री होती.

त्या वर्षी हरेशच्या जनामावशीने हट्ट धरला, की एकवीरा आईच्या मूर्तीभोवतीच्या दिव्यांसाठी घरातली इन्व्हर्टरची बॅटरी होडीवर न्यायची. चांगलं पन्नासेक किलोचं धूड.

"मावशी, चार बल्बांना हत्ती कशाला?" मी म्हणालो.

"तुझं गाणं ऐकायचंय तिला. उजेड तरी धड असू दे."

धूड होडीवर चढलं. मग मलाही भक्तीचा उमाळा आला. आईच्या बॅटरीवर माईक लावणं बरं दिसत नाही, असा नियम मी जागच्या जागी काढला आणि माईकची वायर इंजिनाच्या बॅटरीला जोडली. फार पवित्र वाटलं.

खाडीच्या मुखाशी हरेशने नांगर टाकला. पूजा झाली, सोनेरी कागदातला नारळ समुद्राला दिला. इंजिनाच्या धडधडीत माझा वरचा सूर बुडत होता, म्हणून मी हरेशला ते बंद करायला लावलं आणि दीड-दोन तास गायलो. शेवटी माईक खरखरला आणि गप्प झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाण्याला की शांततेला, ते मी विचारलं नाही.

हरेशने सेल्फ मारला. टक्. पुन्हा मारला. टक्. इंजिन ढिम्म. इंजिनाच्या बॅटरीतली सगळी वीज माझ्या गळ्यातून गेली होती.

पौर्णिमेची ओहोटी जोरात लागली होती. नांगर चिखलात घसरायला लागला आणि होडी मुखावरच्या खडकांकडे सरकू लागली. हरेशने फोन केले. जवळची होडी यायलाही अर्धा तास लागणार होता. खडक तेवढे लांब नव्हते. होडीत आम्ही आठ जण. होडी हरेशची एकुलती एक, त्याचं घर तिच्यावर चालतं. आणि मला पोहता येत नाही, हे माझ्या बायकोशिवाय कोणाला माहीत नव्हतं.

"आईची बॅटरी लाव," जनामावशी म्हणाली.

हरेशने मान हलवली. "ती सेल्फसाठी नसते गं. ती थोडं थोडं देते, खूप वेळ देते. इंजिनाला एका दमात लागतं."

"आणि देवीचे दिवे विझवायचे?" मी. तेवढ्यातही माझा सोवळेपणा जागा होता.

"ती काय परीक्षेचा अभ्यास करतेय? काढ वायर," मावशी म्हणाली.

दिवे मीच काढले. पाना दोनदा निसटला. आईचा चेहरा एकदम साधा दिसायला लागला, घरातल्या माणसासारखा. मी इतकी वर्षं तिच्यासमोर गायलो होतो, पण तिच्याकडे नीट पाहिलं नव्हतं. त्या क्षणी मला एकही ओळ आठवेना. "आई, माझ्याकडे काही उरलं नाही," एवढंच मनात आलं. ना ताल, ना सूर.

पहिल्यांदा इंजिन नुसतं कण्हलं, म्हाताऱ्यासारखं, आणि थांबलं. हरेश म्हणाला, "थांबा जरा. तिला दम घेऊ द्या." खडकांवर फुटणारं पाणी आता ऐकू येत होतं. त्याने पुन्हा सेल्फ मारला. इंजिन हळूहळू फिरलं, अडलं, पुन्हा फिरलं, आणि काळ्या धुराचा लोट सोडून सुरू झालं. मावशीने मूर्तीच्या पायांना हात लावला आणि तोच हात बॅटरीवरून फिरवला.

हरेश नंतर म्हणाला, "मोठी होती, पूर्ण भरलेली होती, म्हणून उचललं तिने." बरोबर असेल. पण ती होडीवर मावशीच्या हट्टाने आली, आणि मी तिच्यावर माईक लावला असता, तर तीही रिकामी झाली असती. ज्या हट्टाला मी हसलो त्याने वाचवलं, आणि ज्या दिखाऊ सोवळ्याने बुडवलं त्यानेच एक बॅटरी भरलेली राखली. यात माझं कर्तृत्व शोधायचा मी खूप प्रयत्न केला. सापडलं नाही. ते सापडलं नाही, यातच मला शांती मिळाली.

आजही मी नारळी पौर्णिमेला जातो. माईक दुसऱ्या कोणाकडे असतो. आईच्या दिव्यांची बॅटरी उचलायला एका बाजूला हरेश असतो, दुसऱ्या बाजूला मी. कंबर दुखते. मावशी काठावरून बघत असते आणि दर वर्षी विचारते, "काय रे, हत्ती जड आहे का?"

"नाही मावशी," मी म्हणतो.