बियाण्याच्या मिरच्यांची वाईन

बायको दर साली जांभळाची वाईन घालायची. दोन बाटल्या रामनगरला मुलीकडं जायच्या, बाकी मी संपवायचो. परसात तिची मिरची असायची, नखाएवढी. चावली की कान तापायचे. एकदा मी म्हणालो, "हिची पण घाल की."

"घालते. पिऊन तुमची जीब तरी गप बसंल."

घालायची राहिली. ह्या पावसाळ्यात ती गेली.

भात कापून झालं आणि घरात बसवेना. म्हटलं, तिची राहिलेली वाईन आपण घालू. परसातली झाडं पावसात कुजली हुती, मी बघितलीच न्हाईत. चुलीच्या वर धुरात मिरच्यांचा एक घोस टांगलेला हुता, तो काढला. ठेचून गुळाच्या पाण्यात उकळला. ठसक्यानं डोळ्याला धार लागली. ती गेली तेव्हासुद्धा एवढं पाणी आलं नव्हतं. निवल्यावर मनुका, यीस्ट टाकून बरणीत भरलं, तोंडाला तिच्या लुगड्याचा तुकडा बांधला.

महिन्याभरानं मुलगी आली. चुलीकडं वर बघून म्हणाली, "बाबा, आईचा घोस कुठं हाय? बी टाकाय आलेय मी."

मी बरणी दाखवली.

"उकळलासा?"

"व्हय."

"सगळा?"

"सगळा."

ती खालीच बसली. "आजीपासनंचं बी हुतं ते. आता कुठनं आणायचं?"

बियाण्याच्या मिरच्या धुरात टांगायच्या, म्हणजे कीड लागत न्हाई. आमच्याकडं घरोघरी हेच चालतं. मला ठाऊक नव्हतं असं न्हाई. जन्म शेतात गेला. त्या दिवशी मिरच्या दिसल्या, हात वर गेला, एवढंच.

वाईन गाळली. घोट घेतला. आधी गूळ लागला, मग घसा जाळत खाली गेली. चांगली झाली हुती, ह्याचाच राग आला.

"कशी हाय?" मुलीनं विचारलं.

मी ग्लास तिच्याकडं सरकवला. तिनं हात लावला न्हाई.

चोथ्यातल्या बिया एकेक वेचल्या, राखेत घोळल्या, परसात वाफा करून टाकल्या. उकळलेलं बी उगवत न्हाई, हे मला कुणी सांगाय नको. मुलीलाही कळत हुतं. तरी तिनं पाण्याचा तांब्या आणून दिला, मग बस धरायला गेली.

वाफ्यात गवत आलंय. तेवढं उपटतो आणि पाणी घालतो.