लेकरं कुठं होते?

"लेकरं कुठं होते?"

एवढे विचारून अप्पा पट्टी थांबवत. फूटभर लांबीची लाकडी पट्टी होती ती, शाळेच्या दप्तरातली असावी अशी, आकडे पुसत आलेली. प्रूफ वाचताना ती ओळीखाली धरायची, ओळ संपली की खाली सरकवायची, अशी त्यांची पद्धत होती. एरवी पट्टी संथपणे पान उतरत जाई. पण "दारूच्या नशेत पतीची पत्नीस मारहाण" अशा जातीची बातमी आली की ती मध्येच थांबे. अप्पा मान वर न करता विचारत. उत्तर कोणी देत नसे. थोड्या वेळाने पट्टी पुन्हा चालू लागे.

ही नांदेडच्या एका लहानशा दैनिकाच्या कचेरीतली गोष्ट. अप्पा तिथे प्रूफरीडर होते आणि मी जिल्हा पुरवणीचा प्रमुख. ते मूळचे उदगीरकडचे. कपाळावर विभूती, सदऱ्याच्या आत इष्टलिंगाची चौकोनी डबी, आणि उजव्या तळहाताच्या कडेला एक जुना, अर्धचंद्राकार व्रण. काम नसले की डाव्या अंगठ्याने ते तो व्रण चोळत बसत. अशी माणसे तुम्हीही आपापल्या कचेऱ्यांतून पाहिली असतील. ती कोपऱ्यात बसतात, कोणाच्या अध्यात ना मध्यात, आणि त्यांच्याविषयी आपल्याला काहीच ठाऊक नाही हे ती निघून गेल्यावर आपल्या लक्षात येते.

ते रुक्ष होते असे मात्र नव्हे. एकदा श्रद्धांजलीच्या जाहिरातीत "दुःखद निधन" वाचून त्यांनी पान माझ्यापुढे धरले होते. "सायेब, सुखद निधन बी छापतो का आपण? दर येगळा असंल त्याचा."

आम्ही सारे हसलो होतो. आणि त्याच हसण्याच्या सवयीने आम्ही त्यांच्या त्या प्रश्नालाही हसू लागलो. सामना पावसामुळे रद्द झाल्याची बातमी आली की क्रीडा पानावरचा गृहस्थ ओरडे, "लेकरं कुठं होते, अप्पा?" बाजार समितीत सोयाबीनचा भाव पडला की दुसरा कोणी म्हणे, "ते जाऊ द्या, लेकरं कुठं होते?" अप्पा कसनुसे हसत आणि व्रण चोळू लागत. ही थट्टा सुरू कोणी केली, हे मला नीट आठवते. मीच केली होती.

आमची पुरवणी संध्याकाळी सहाला छपाईला सुटे. त्यापूर्वीचा रिवाज असा होता की, अप्पांनी प्रूफावर लाल शाईने दुरुस्त्या करायच्या, मी ते प्रूफ वाचून निळ्या शाईने सही करायची, आणि मग संगणकावरच्या बाईंनी लाल शाईत जे असेल ते मुकाट्याने पानात घालायचे. त्यांनी अर्थ विचारायचा नाही. अर्थाची जबाबदारी माझ्या सहीची होती. पण साडेपाचपासून माझे लक्ष घड्याळाकडे असे. सहा वाजून दहा मिनिटांनी मी स्टेशन रोडवरच्या एका ठरलेल्या टेबलाशी बसलेला असे आणि माझ्यापुढे ग्लास असे. दोन तासांनी घरी जाई. घरी कधी कोणावर हात उचलला नाही, हे मी स्वतःला प्रमाणपत्रासारखे दाखवत असे. ओरडत असे, ताट भिरकावत असे, आणि रोज संध्याकाळीच धुण्याचे मशीन का लावता, त्याच्या घरघरीने डोके फुटते, म्हणून पत्नीवर चिडत असे.

एका दुपारी लोहा तालुक्याच्या वार्ताहराने फोनवरून बातमी दिली. तिकडच्या एका गावात नवऱ्याने दारू पिऊन बायकोच्या डोक्यात लाकूड घातले होते. ती जागीच गेली. मी चार ओळी केल्या. प्रूफ अप्पांकडे गेले आणि पट्टी थांबली.

"लेकरं कुठं होते?"

त्या दिवशी मला घाई होती. मी म्हणालो, "अप्पा, तुम्ही ऱ्हस्व-दीर्घ बघा. लेकरं पोलीस बघतील."

कोणीतरी हसले. अप्पा हसले नाहीत. बराच वेळ ते प्रूफावर वाकून होते. पावणेसहाला त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवला आणि तो न वाचता मी सही केली.

दुसऱ्या दिवशी त्या बातमीला पाचवी ओळ होती. "घटनेच्या वेळी दोन लहान मुले घरातील कणगीत लपलेली होती."

मी ती वाचली तेव्हा मला वाटले, वार्ताहराने मागून कळवले असेल. मग दुपारी अर्धापूरहून एक माणूस आला. तो केळीच्या बागेत घड उतरवण्याचे काम करी. सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग होते. हातात आमच्या अंकाची घडी. मेलेली बाई त्याची बहीण होती. तो ओरडला असता तर बरे झाले असते.

"ह्ये कोन लिवलं, सायेब?" त्याने पाचव्या ओळीवर बोट ठेवले. "माझ्या बहिनीला लेकरूच नव्हतं. बारा वर्स झाली लगनाला. लेकरू न्हाई म्हनूनच तर मारायचा तो तिला." त्याने बोट उचलले. "जित्ती व्हती तवर देवानं एक दिलं न्हाई. मेल्यावर तुमी दोन दिलेत."

अप्पा आपल्या जागेवरून उठले, त्या माणसापुढे गेले आणि त्याच्या पायांना हात लावून तसेच वाकून राहिले. तो माणूस अवघडून मागे सरकला. "आवो, तुमी काहून पाया पडता, बाबा," म्हणाला आणि अंक टेबलावर ठेवून निघून गेला. आम्ही त्याला पाणीसुद्धा विचारले नाही.

तासाभरात व्यवस्थापकांनी आम्हा दोघांना बोलावले. बाईंनी सांगितले होते की, ओळ लाल शाईत होती, म्हणून घातली. व्यवस्थापकांनी मला विचारले, "ही ओळ तुम्ही पाहिली होती?"

खरे उत्तर अगदी सोपे होते. पाहिली नव्हती, कारण प्रूफ वाचलेच नव्हते. मी म्हणालो, "मी सही केली तेव्हा ती ओळ तिथे नव्हती."

अप्पांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर आज मी हे लिहीत बसलो नसतो.

"हाव," ते व्यवस्थापकांना म्हणाले. "सायबांच्या सहीमागून लिवलं म्या."

"ते प्रूफ कुठे आहे?"

"सापडंना झालंय."

प्रूफांची फाइल अप्पांच्याच ताब्यात असे. त्यांच्या हातून तोवर कागदाचा कपटाही गहाळ झाला नव्हता. त्याच दिवशी त्यांना काढून टाकण्यात आले. दुरुस्तीचा खुलासा मी लिहिला. त्यात "अनवधानाने" असा शब्द वापरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आपली पट्टी न्यायला आले. मी त्यांना पोचवायला बसस्थानकापर्यंत गेलो. मला माफी मागायची होती, असे म्हणणे आता सोयीचे आहे. खरे तर अप्पा हे बाहेर कोणाजवळ बोलणार नाहीत ना, याची मला खात्री करून घ्यायची होती. उदगीरची गाडी लागायला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. ते व्रण चोळत होते.

"आमचा बाप शिंपीकाम करायचा," ते एकदम म्हणाले. "गळ्यात लिंग अन् खिशात बाटली. बाजारचा दिवस असला की दुपारलाच पिऊन यायचा. तो गल्लीच्या तोंडाला दिसला की अव्वा, आमची माय, आम्हाला कणगीत टाकायची. मला अन् बहिणीला. ती चार वर्साची, मी आठ. कणगीत ज्वारीचं कुसळ टोचायचं. म्या तिच्या तोंडावर हात दाबून धरायचा. आवाज आला तर तो आमच्याकडं यायचा ना."

गाड्यांची नावे पुकारली जात होती.

"अव्वा गेली त्या दिशी तिनं मला हाक मारली. दोनदा. मी न्हाई निघालो. बहीण निघाया बघत होती, तिनं हात चावला मपला. म्या सोडला न्हाई." त्यांनी तळहात माझ्यापुढे धरला. अर्धचंद्र दातांचा होता. "पेपरात चार ओळी आल्या. शाळेत मास्तरांनी वाचून दाखवल्या. बापाचं नाव होतं, अव्वाचं होतं, लाकूड होतं. आम्ही दोघं न्हवतोच त्याच्यात. म्या घरी येऊन बहिणीला म्हणलं, आपण तिथं न्हवतोच, पेपरात लिवलंय."

त्यांनी हात मागे घेतला.

"लोह्याची बातमी वाचली अन् कसं झालं कळलं न्हाई, सायेब. हातानंच लिवलं. त्या बाईच्या भावाला मी लई दुखवलं."

मग त्यांनी पिशवीतून एक घडी केलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला. तेच प्रूफ. लाल अक्षरे समासात होती आणि त्यांवरून माझ्या सहीचा निळा फराटा गेला होता. कोणत्या शाईवरून कोणती शाई गेली आहे, हे कोणालाही दिसले असते.

"कचेरीत नको राहायला ते," अप्पा म्हणाले. "तुमची नोकरी राहू द्या. तुमच्या घरी लेकरू हाय."

गाडी लागली. ते उठले, पिशवी खांद्याला लावली आणि पुन्हा वळले.

"एक विचारू का? राग नका मानू. तुम्ही घरी जाता तवा लेक कुठं असती?"

"घरीच असते. अभ्यास करते."

"कुठल्या खोलीत?"

मला सांगता आले नाही. घरात खोल्या दोनच होत्या. अप्पांनी मान हलवली, जणू अपेक्षित उत्तर मिळाले, आणि ते गाडीत चढले. त्या दिवशीही सहा वाजून दहा मिनिटांनी मी माझ्या टेबलाशी होतो.

पुढे तीन वर्षांनी मी दारू सोडली ती डॉक्टरांच्या धाकाने. पश्चात्तापाने सोडली, असे सांगण्याचा मोह अनेकदा झाला आहे. एकदा लातूरला काम निघाले, तेव्हा तिथून उदगीरला गेलो आणि विचारत विचारत अप्पांच्या बहिणीचे घर गाठले. अप्पा दोन वर्षांपूर्वीच वारले होते. बहीण दारातच उभी राहिली. अगदी हळू बोलणारी बाई, ऐकायला पुढे वाकावे लागत होते. "पेपर वाचायचा पट्टी धरून," ती म्हणाली. "मधीच उठून भाईर जायचा. मग दिसभर जेवायचा न्हाई." पट्टीचे काय झाले, हे विचारण्याचा मला अधिकार नव्हता.

गेल्या महिन्यात सकाळी मी वर्तमानपत्र उघडले. आतल्या पानावर चार ओळी होत्या. गाव दुसरे, नावे दुसरी, बाकी सारे तसेच. दारूच्या नशेत. पत्नीचा जागीच मृत्यू. पतीस अटक. आणि माझ्याही नकळत मी मोठ्याने विचारले, "लेकरं कुठं होते?"

पत्नीला जाऊन चार वर्षे झाली. घरात ऐकायला कोणी नव्हते. मी मुलीला फोन लावला. ती आता सव्वीस वर्षांची आहे, हैदराबादला नोकरी करते. दर रविवारी फोन करते, तब्येत विचारते, गोळ्या घेतल्या का विचारते. तो रविवार नव्हता.

"काय झालं, बाबा? बरं आहे ना?"

मी म्हणालो, "एक विचारायचं होतं. तू लहान असताना, मी संध्याकाळी घरी यायचो, तेव्हा तू कुठं असायचीस?"

ती अगदी सरळ, कामाचे सांगावे तसे म्हणाली, "मशीनच्या मागं. धुण्याच्या. भिंत आणि मशीन यांच्यामध्ये मी मावायची. आई मशीन रिकामंच चालू करायची. तुमचा आवाज येऊ नये म्हणून."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"का विचारताय आज?"

"पेपरात एक बातमी होती."

"बरं," ती म्हणाली. "मीटिंग आहे माझी, बाबा. रविवारी बोलू." तो रविवार येऊन गेला. फोन आला नाही. त्यानंतरच्या रविवारीही आला नाही. तिने न करणे योग्यच आहे, असे मी स्वतःला समजावतो.

ते प्रूफ माझ्या कपाटात आहे. फोन ठेवल्यावर मी ते काढले. लाल शाई तपकिरी झाली आहे, माझी सही मात्र अजून चांगली निळी आहे. घरात पट्टी नव्हती. मग मी ओळीखाली बोट धरले आणि एकेक शब्द ते वाक्य वाचले. अप्पांनी कागद पुढे ठेवला होता, त्या संध्याकाळी वाचायचे होते तसे.