एका मुलीचा वर्ग

तिसऱ्या वर्षाला आख्ख्या कॉलेजात फिलॉसॉफी मेजर घेतलेली मी एकटी. मुलं कमी होती असं नाही, मी एकटीच होते. मॅडम रिटायरमेंटला आलेल्या आणि भयंकर शिस्तीच्या. समोर बसलेल्या माझ्याकडे बघत रोज "रोल नंबर वन" पुकारायच्या आणि मीही येड्यासारखी "प्रेझेंट, मॅडम" म्हणायचे.

पहिल्या आठवड्यात हसू यायचं. मग कळलं, एकटीच्या वर्गात बंक मारता येत नाही, डुलकी काढता येत नाही, प्रश्न आला की शेजारणीकडे बघून वेळ मारून नेता येत नाही. एकदा अंगात ताप असताना गेले. का, तर मी नाही गेले तर ती बाई रिकाम्या बाकांसमोर तासभर बसून राहील म्हणून! शाळेच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर इंटर्नशिपचे फोटो पडायचे. मी काय टाकणार? 'समोरचं टेबल खरंच आहे का, यावर आज विचार केला'? मी ग्रुप म्यूट केला. महिनाभर कुणी विचारलंसुद्धा नाही, जिवंत आहेस का गं म्हणून. आधी राग आला, मग रडले.

फिलॉसॉफी घ्यायला मला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी मॅडमनी वर्गात विचारलं होतं, "तुम्हाला जे खरं वाटतं, ते तपासून वाटतं की सगळे म्हणतात म्हणून?" तेव्हा वर्गात चाळीस जण होते. बाकीचे घड्याळ बघत होते आणि मी तो प्रश्न वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतला. बस, तेवढंच कारण.

पप्पा अंधेरीला एमआयडीसीत फिटर. फॉर्मवर सही करताना त्यांनी विचारलं, "ह्यात पुढे काय?" मी म्हटलं, "माहीत नाही." ते "बरं" म्हणाले. नंतर बघते तर नाहूरच्या आमच्या कॉलनीत सगळ्यांना सांगत सुटलेले, "मुलगी यूपीएससी करतेय." मी घरी त्यांच्याशी दोनदा भांडले. "लोकांना काय समजतंय तुझं ते," म्हणून त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

मग बुद्धविहारात गुणवंतांचा सत्कार आला. दरवर्षी असतो, ट्रॉफी, गुलाबाचं फूल, आणि माईकवरून मुलाचं नाव आणि लाइन. मी दुसऱ्या वर्षी कॉलेजात पहिली आले होते, म्हणून माझंही नाव होतं. रविवारची सकाळ. आधी वंदना, मग त्रिशरण-पंचशील. सगळे हात जोडून बसलेले. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील पप्पांनी दुसऱ्या रांगेतून सगळ्यांत खणखणीत म्हटलं.

दहा मिनिटांत सेक्रेटरी काका माईकवर ओरडले, "आणि ह्या आपल्या कॉलनीच्या भावी कलेक्टर!" टाळ्याच टाळ्या. पप्पा मोबाईल वर धरून व्हिडिओ काढत होते.

माझं डोकंच फिरलं. मी माईक घेतला. "काका, मी यूपीएससी करत नाही. मी फिलॉसॉफी शिकते. वर्गात मी एकटीच आहे. पुढे काय करणार, मलाच माहीत नाही."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. टाळ्या थांबल्या. पप्पांचा मोबाईल हळूहळू खाली आला.

घरी जाताना ते चार पावलं पुढे. मी मनात सगळं तयार ठेवलं होतं. शील म्हणायचं आणि लगेच मोडायचं, मग म्हणायचं कशाला? माझी लाज वाटते का तुम्हाला? एकेक मुद्दा घासून धारदार केलेला. वर्षभर मी दुसरं काय शिकले होते?

बिल्डिंगच्या गेटजवळ ते थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "वर्गात एकटीच?"

"हो."

"वर्षभर?"

"हो पप्पा."

त्यांनी वॉचमनची खुर्ची उगाच बाजूला सरकवली. मग एकदम हळू आवाजात विचारलं, "मग डबा कुणाबरोबर खातेस?"

कँटीनमध्ये सगळे घोळक्याने बसतात, तिथे एकटीने डबा उघडायची मला लाज वाटायची. मी रिकाम्या वर्गात, भिंतीकडे तोंड करून, पाच मिनिटांत उरकायचे.

"मॅडमबरोबर," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा सैल झाला. "मग ठीक आहे," म्हणाले. "आईला सांगतो, भाजी थोडी जास्त देत जा. दोघींना पुरायला पाहिजे."

सोमवारपासून डब्यात दोघींची भाजी यायला लागली. टाकवत नव्हती. परीक्षेपर्यंत मी ती रोज एकटीने संपवली.