सोनेरी बाई

चौकाचौकातल्या सोनेरी शिल्पांची मला किळस येते. सोनेरी मोर, सोनेरी हात, सोनेरी डॉल्फिन. समुद्र कुठं, आपण कुठं! त्यातलं एक माझ्याच हातनं बिघडलंय, म्हणून जरा जास्तच.

मी चाकणला एका कंपनीत पेंट शॉपला आहे. तिथं कंत्राटावर एक वेल्डर होता, दिघीचा. जेवणाच्या सुट्टीत डबा पाच मिनिटांत उरकायचा आणि शेडमागं भंगारात जाऊन बसायचा. मला वाटायचं, तंबाखू मळत असेल. एकदा बघायला गेलो तर डोक्यावर घमेलं घेतलेली लोखंडी बाई उभी. कन्व्हेयरच्या जुन्या चेनी जोडून तिची पाठ केली होती. ओझ्यानं पाठ जिथं दबते, बरोबर तिथं ती दबली होती. माझ्या अंगावर काटा आला.

"आई हाय," तो म्हणाला. "बांधकामावर होती ना." आईला त्यानं काहीच सांगितलं नव्हतं. पुरी झाली की आणून दाखवणार होता. न सांगता तिनं स्वतःला ओळखावं, एवढीच त्याची हौस.

साहेबांनी ती पाहिली आणि बाहेरच्या चौकात बसवायचं ठरवलं. वर हुकूम सुटला, गंजकी दिसते, सोनेरी मारा. गाढवाला गुळाची चव काय! वेल्डर माझ्याकडं आला. "भाऊ, रंग नको मारू राव. निदान पाठ तरी सोड."

मी हो म्हणालो. पण साहेब शेजारी येऊन उभे राहिले आणि मी शेपूट घातलं. रंगाचे तीन हात मारले. चेनीच्या कड्या बुजल्या, चेहरा गुळगुळीत झाला. साहेबांनी लाल ओठ काढायला सांगितले, तेही काढले. शी! अजून आठवलं तरी स्वतःचाच संताप येतो.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाल्यावर वेल्डर आईला चौकात घेऊन आला. मीही मागं गेलो. म्हातारी वाकलेली, एक हात कमरेवर. शिल्पाच्या पायाशी पानाच्या पिचकाऱ्या पडल्या होत्या, त्या चुकवत ती पुढं झाली आणि वर बघत राहिली. तो तिच्या तोंडाकडं बघत होता.

म्हातारीनं चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले.

"लक्ष्मी हाय व्हय रं?"

"व्हय आये," तो म्हणाला. "लक्ष्मीच हाय."