पहिलं पाणी आणि एक शून्य

तुमच्या नळाला पाणी किती वेळ असतं? नीट आठवून सांगा. चोवीस तास असेल, तर तुम्ही ह्या गोष्टीतल्या एक्केचाळीस संपादकांच्या बाजूचे. दिवसाआड पाऊण तास असेल, तर थेंबताईच्या.

थेंबताई पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत तपासनीस. नमुन्याच्या बाटलीत आम्ल घालताना ती थेंब मोठ्याने मोजते, आणि मध्येच कोणी बोललं की बाटली ओतून देऊन पुन्हा एकपासून सुरुवात करते. म्हणून हे नाव. तशी बाई भित्री. साहेबांच्या बुटांचा आवाज जिन्यावर आला तरी हातातली काचेची नळी आधी खाली ठेवणार. बावीस वर्षं नोकरी झाली, पण साहेबांसमोरच्या खुर्चीवर ती एकदाही बसलेली नाही.

अशा बाईच्या हाती शिसं लागलं. तेही लेकीच्या शाळेच्या टाकीत, मर्यादेच्या सहापट.

पहिल्यांदा आकडा आला तेव्हा तिला वाटलं, आपलंच चुकलं. म्हणून तिने पुन्हा तपासलं. मग आठ महिने, पाण्याच्या दर पाळीला, पहाटे पाच वाजता शाळेच्या टाकीत पडणाऱ्या नळीच्या तोंडाशी बाटली धरून उभी राहिली. कारण कळलं ते साधंच होतं. रस्त्यापासून टाकीपर्यंतची नळी जुनी, शिशाची. ती सव्वासत्तेचाळीस तास कोरडी पडते, आत खपली धरते, आणि पाणी सुटलं की पहिल्या लोंढ्याबरोबर ती खपली निघून येते. वस्तीत ह्याला 'पहिलं पाणी' म्हणतात. घरोघरी बायका दोन बादल्या मोरीत ओततात, मग हंडा लावतात. शाळेत त्या वेळी ओतायला कोण असणार? शिपायाने व्हॉल्व्ह कायमचा उघडा ठेवलेला. पहिलं पाणी थेट टाकीत, टाकीतून पोरांच्या पोटात.

तिची लेक चौथीत. चार वर्षं तेच पाणी पीत होती. रात्री लेक झोपेत कूस बदलायची तरी ही उठून दिवा लावायची.

मुख्याध्यापिका भली बाई. आकडे बघून तिने त्याच दिवशी नळाला सील ठोकलं. पण शाळेची जोडणी पाणीखात्याची. साहेब भडकले.

"बाई, शिसं डोळ्यांना दिसतं का?"

"नाही साहेब."

"मग लोकांना कशाला दाखवत सुटलात?"

पाठोपाठ कागद आला. सोमवारी अकराला सुनावणी. आपल्या निष्कर्षांना एखाद्या नामांकित शास्त्रीय नियतकालिकाची मान्यता असल्याचे पत्र सादर करावे. अन्यथा सील काढण्यात येईल, तसेच घबराट पसरवल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये याचा खुलासा करावा. कागद हातात घेतला आणि बाईच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढं एकच पाणी खात्याने तिला वेळेवर पळवून दाखवलं.

तिचा लेख अशा एका परदेशी नियतकालिकाकडे पाच महिन्यांपूर्वीच गेला होता. वस्तीतल्या निवृत्त मास्तरांनी तो तिकडच्या भाषेत उतरवला होता. मास्तर रसायनशास्त्र शिकवायचे. अजूनही चहात साखर घालताना 'विरघळवतो' म्हणतात. गुरुवारी दुपारी ते हातात छापील कागद घेऊन दारात उभे राहिले. आत आलेच नाहीत. त्यावरूनच ती समजली.

"नाकारला," मास्तर म्हणाले.

"का?"

"तुमच्या शून्यामुळे."

लेख पाठवताना एक तक्ता भरायचा होता. त्यात प्रश्न होता: नमुना घेण्याआधी पाणी नळीत किती तास साचून होतं? घरातल्या नळाचं शिसं तपासायचं तर पाणी किमान सहा तास नळीत साचू द्यायचं, असा त्यांचा नियम. ताईने खरं तेच लिहिलं, शून्य. पाणी साचलेलं नव्हतंच! नळी कोरडी ठणठणीत होती. पण चौकटीत मावला फक्त आकडा. कोरडी नळी बाहेरच राहिली. संपादकांनी वाचलं ते असं, की बाईने वाहत्या नळाखाली बाटली धरली आणि नियम धाब्यावर बसवला.

"अहो, पण पुढे 'पहिलं पाणी' असं लिहिलंय ना आपण?"

"मी शब्दाला शब्द लावला ताई. तिकडे त्याचा अर्थ होतो सकाळचा पहिला ग्लास."

ती भिंतीला टेकली. घरातच शिलाईचं काम करणाऱ्या नवऱ्याने मशीन थांबवलं.

"अगं, मग सहा लिहायचं होतंस. कोण बघायला येणार होतं?"

"न साचलेलं साचलं म्हणून लिहू?"

"भितेस सगळ्या जगाला, आणि खोटं बोलायचं म्हटलं की वाघीण!"

शनिवारी मास्तरांनी त्या नियतकालिकाच्या संपादकांची यादी काढली. नाव आणि पुढे गाव. ताई बोट ठेवून एकेकाला विचारत गेली, "ह्यांच्याकडे पाणी किती वेळ?" मास्तर म्हणायचे, "चोवीस तास." पुढचा? "चोवीस तास." एक्केचाळीसजण दोन-तीन देशांतले, तेही मोजक्या शहरांतले, म्हणजे एकाच आळीत राहत असल्यासारखे. सगळ्या जगाच्या पाण्याचा निवाडा करायला बसलेत, आणि हंडा घेऊन रांगेत उभा राहिलेला त्यांच्यात एक नाही!

सव्विसाव्या नावावर तिचं बोट थांबलं. "मास्तर, हा आपल्याकडचा वाटतो हो!"

मास्तरांनी चष्मा वर केला. "नाव आपल्याकडचं आहे. नळ तिकडचा."

यादी संपल्यावर तिने कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "पत्र लिहा. मी सांगते तसं."

"चौकटीत लिहिलेलं शून्य खरं आहे. आमची नळी सव्वासत्तेचाळीस तास कोरडी असते आणि विष त्या कोरड्यातच तयार होतं. तुमच्या नियमात कोरड्या नळीला जागा नाही. तुमच्या एक्केचाळीस जणांत, ज्याच्या घरी पाणी दिवसाआड येतं, असा एक तरी आहे का? असेल तर माझा लेख त्याला वाचायला द्या. तो नाही म्हणाला, तर मी मान्य करीन."

मास्तरांची लेखणी अडखळली. "संपादकाला असं लिहितात का ताई? कायमची दारं बंद करतील."

"उघडी कुठे आहेत?" ती म्हणाली खरी, पण मास्तरांच्या ईमेलवरून पत्र जाण्याआधी तिने ते तीनदा वाचून घेतलं. रविवारी तिने घास घेतला नाही. लेकीने विचारलं, "आई, सोमवारी आमचा नळ सुरू होणार ना? बाटली नेऊन दप्तर जड होतं." उठून तिने भरलेली बाटलीच पुन्हा घासली.

सोमवारी अकराला ती साहेबांच्या दाराबाहेर बाकावर बसली होती. नवरा शेजारी. खात्याचा शिपाई पक्कड घेऊन तयारच होता, सील तोडायला. आत नाव पुकारलं गेलं आणि तेवढ्यात मास्तर धापा टाकत जिना चढून आले. हातात कागद.

साहेबांनी तो दोनदा वाचला. मुख्य संपादकाने लिहिलं होतं: तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. आमच्यात असा कोणी नाही, आणि हे आम्ही आजवर मोजलं नव्हतं. नकार तीस दिवस रोखून धरत आहोत. लेख तपासू शकतील अशी पाच नावं सुचवा: पाणीतपासणीचा अनुभव हवा, राहत्या घरी पाणी खंडित येत असावं, आणि तुमच्याशी ओळख वा कामाचा संबंध नसावा.

"म्हणजे बाई, पास की नापास?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, अजून परीक्षकच सापडलेला नाही."

साहेब हसले नाहीत. कागदाच्या कोपऱ्यावर त्यांनी लिहिलं, 'तीस दिवस स्थगिती'. शिपायाने पक्कड खिशात घातली. लक्षात घ्या, खिशात घातली, कपाटात नाही.

भीती गेली म्हणता? छे! आता ती रोज सकाळी लेकीला सोडायला जाते आणि सील बोटांनी चाचपून बघते. तारीख तिच्या हाडात जाऊन बसली आहे. आज एकोणिसावा दिवस. तिने आणि मास्तरांनी दिसेल त्या प्रयोगशाळेला पत्रं धाडली. एकाने साहेबांच्या भीतीने नकार दिला. एकाने पत्र वाचून तसंच परत पाठवलं. दोघांनी होकार कळवला आहे. त्यांची नावं उघड करायची नाहीत, कारण त्यांचेही साहेब आहेत.

तीन नावं कमी पडताहेत, आणि अकरा दिवस उरलेत. बाटलीत आम्लाचे थेंब मोजण्याचं काम तुम्ही केलं असेल, घरी पहिलं पाणी मोरीत ओतलं असेल आणि थेंबताईला तुम्ही ओळखत नसाल, तर हे पान मिटू नका. तुमचं नाव, गाव आणि नळाला पाणी येण्याची वेळ एका कागदावर लिहा आणि आजच्या टपालाने ही गोष्ट छापणाऱ्यांच्या पत्त्यावर पाठवा.