फायटिंग मामी

टीव्हीवर मारामारी चालू असताना मामींकडं सुट्टे मागायचे नाहीत, हा आमच्या तळेगाव ढमढेऱ्यातला अलिखित नियम होता. खारीचा पुडा तराजूवर तसाच, गिऱ्हाइकाची नोट हातात तशीच, आणि मामींची नजर वर, भिंतीवरच्या टीव्हीत. तिथं कुणीतरी दक्षिणेकडचा मिशीवाला हिरो हिंदीत बोलत दहा-दहा जणांना हवेत उडवत असायचा. शेवटचा गुंड आडवा झाला की मामी समाधानानं श्वास सोडायच्या आणि म्हणायच्या, "हां, बोला. काय देऊ?" बेकरीच्या पाटीवर देवाचं नाव होतं, पण गाव त्यांना फायटिंग मामी म्हणूनच ओळखायचं. त्यांनाही त्यात काही वावगं वाटत नसे.

माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या भिंतीला लागून. त्यामुळं ते सगळं ढिशूम ढिशूम मी वर्षानुवर्षं फुकटात ऐकलं. असले पिच्चर माझ्या डोक्यात जातात, आजही. मामींना मात्र दुसरं काही चालत नसे. "रडक्या पिच्चरात माणसं निस्ती दारात हुबी राहून रडत्यात. हितं कसं, वाईट माणूस दिसला की हाणला, इषय संपला." आणि प्रत्यक्षात ही बाई कशी, तर बेकरीत उंदीर फार झाले म्हणून मी विषाच्या गोळ्या आणून दिल्या, त्या त्यांनी माझ्याच हातावर परत ठेवल्या. पिंजऱ्यात सापडलेला उंदीर त्या स्वतः ओढ्यापलीकडच्या उसात सोडून यायच्या. तो तुमच्या आधी दुकानात पोचत असेल, असं मी म्हणायचो आणि त्या खुशाल हसायच्या.

एकदा दुपारी मला राहवलं नाही. म्हटलं, "मामी, असलं बघूनच पोरं बिघडतात. उद्या कुणी खरंच कुणाचं डोकं फोडलं म्हणजे?" मामी केकवर क्रीमची फुलं काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भाऊ, आमच्या ह्यांनी जन्मात एक पिच्चर बघितला न्हाई. भजनात टाळ वाजवायचे. गाव म्हनायचं, काय देवमाणूस हाय. आन् भाजीत मीठ कमी पडलं की माझ्या कानाखाली जाळ काढायचे. ते कुठल्या टीव्हीनं शिकवलं त्यास्नी?" फुलं एकसारखी पडत होती. मामा जाऊन तेव्हा बराच काळ झाला होता आणि त्यांचा फोटो बेकरीत हार घालून लावलेला होता. मी दुकानात गिऱ्हाईक आलंय असं सांगून सटकलो.

मग रीलचं खूळ आलं. गावातली पोरं बुलेटच्या सीटवर केक ठेवायची, कोयत्यानं कापायची, मागं डायलॉग लावायची आणि मोबाइलवर टाकायची. कोयत्याला आमच्याकडं तोटा नाही. हंगामाला ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या की त्यांच्या पाचटाच्या कोपीच्या दारात कोयतेच कोयते. मामी प्रत्येक केकच्या खोक्याला प्लास्टिकची सुरी दोऱ्यानं बांधून द्यायच्या आणि विचारायच्या, "कशानं कापनार?" पोरगं अडखळलं की केक परत फ्रीजमध्ये. केकवर 'भाई' लिहून मागणाऱ्यांची तर फजितीच व्हायची. मामी लग्नपत्रिकेत लिहितात तसं आधी 'चि.' काढायच्या आणि मग नाव. "भाई असशील तिकडं चौकात. माझ्या केकवर तू चिरंजीवच." दांडगी पोरं मान खाली घालून 'चि. विकीभाई' असा केक घेऊन जाताना मी पाहिली आहेत.

ज्याला हे सांगायला हवं होतं तो मात्र घरातच होता. रोहन, त्यांच्या मुलीचा मुलगा. मुलगी-जावई दौंडला, दोघांच्याही नोकऱ्या, म्हणून हा लहानपणापासून आजीपाशी. मामींच्या मांडीवर बसून त्यानं इतक्या मारामाऱ्या पाहिल्या की कुठला गुंड कधी पडणार हे तो आधीच सांगायचा. पोरगं तसं गरीब. पण बारावीला असताना त्यानंही ऊसतोडीच्या टोळीतल्या एका ओळखीच्या माणसाकडून कोयता मागून आणला आणि रील केलं. ते सगळीकडं फिरलं. त्याखाली शेजारच्या गावच्या तेजसनं लिहिलं, 'कोयता धरायला तरी येतो का? आधी ऊस तोडून दाव.' त्यावर गावभर पोरं हसली.

पुढच्या आठवडे बाजारादिवशी रोहननं तो कोयता दप्तरात घातला. "आज्जी, निस्ता दावायचा हुता," असं तो नंतर रडत रडत सांगत होता, आणि मला ते खरं वाटतं. स्टँडच्या मागं दोघांची गाठ पडली. यानं कोयता उगारला, त्यानं तो धरायला हात घातला. तोडणीवाले कोयत्याला रोज धार लावतात, हे जन्मात ऊस न तोडलेल्या आमच्या हिरोच्या गावीही नव्हतं. तेजसच्या उजव्या हाताच्या तीन बोटांच्या शिरा तुटल्या. पुण्यात ऑपरेशन झालं, बोटं राहिली, पण मिटेनात.

रोहनला बालसुधारगृहात नेलं. गावानं एका दिवसात निकाल लावला, मामींच्या टीव्हीनं पोरगं वाया गेलं. तेच नाव, फायटिंग मामी, पण आता माणसं ते हळू आवाजात घ्यायची. मी तर हे आधीपासून म्हणत होतो. पण त्या बाईचा चेहरा पाहून ते बोलायची मला इच्छा झाली नाही. रोहनच्या वकिलांनाही हाच मुद्दा सोयीचा वाटला. म्हणाले, आजीनं एवढंच सांगावं, पोर अजाण आहे, पिच्चर आणि मोबाइलनं त्याच्या डोक्यावर परिणाम केला. फायदा होईल. रोहननंही हात जोडले, "सांग ना, आज्जी." मामी बाल न्यायालयाच्या साहेबांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "टीव्ही माझाच हाय साहेब, त्यो मी लावला. पन हात ह्याचा हाय." वकिलांनी कपाळाला हात लावला. रोहन सुटायचा तेव्हाच सुटला, पण महिनाभर आजीशी बोलला नाही.

तो घरी आला त्याच आठवड्यात मामी मला म्हणाल्या, "भाऊ, गाडी काढा." रोहनला घेऊन आम्ही तिघं तेजसच्या घरी गेलो. झेंडूची शेती होती त्यांची. सणाचे दिवस तोंडावर आणि तोडणीला हात कमी. तेजसचे वडील दारातच आडवे उभे राहिले. मामी म्हणाल्या, "दादा, माफी मागायला आले न्हाई. माफीनं तुमची फुलं तोडून व्हनार न्हाईत. तुमच्या पोराचा हात आमच्या पोरानं नेला. त्याच्या बदली ह्याचे दोन घ्या. रोज सकाळी येईल."

"मला त्याचं तोंड बघायचं न्हाई," वडील म्हणाले.

मग आतून तेजसची आई म्हणाली, "तुमी नका बघू. माझी फुलं झाडावर सुकायला लागल्यात."

त्या सकाळी रोहननं उन्हं चढेपर्यंत झेंडू तोडला. नंतर त्या माउलीनं आम्हालाही चहा दिला. तेजस ओट्यावर येऊन बसला आणि सवयीनं त्यानं उजवा हात पुढं केला. अंगठा आणि एक बोट यांत कप तरला नाही. गरम चहा त्याच्या मांडीवर सांडला. तो डाव्या हातानं पँट झटकत राहिला. रोहननं मान खाली घातली. मामी हळूच म्हणाल्या, "मान वर कर. बघ ते."

परतताना गाडीत त्या माझ्याशी बोलल्या, रोहन मागं ऐकत होता. "भाऊ, पिच्चरात वार झाला की क्यामेरा हिरोकडं जातो. पडल्याला माणूस उद्या जेवतो कसा, शर्टाची बटनं लावतो कशी, ते कुनीच दावत न्हाई. माझ्या मांडीवर ह्यानं तेवढं अर्धंच बघितलं. उरल्यालं मी दावाया पायजे हुतं." एवढं बोलून त्या रडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पहिल्यांदाच पाहत होतो आणि मला गाडी कडेला घ्यावी लागली.

त्यानंतर रोहन रोज जात राहिला. आधी आजी पाठवायची म्हणून, पुढं कसा ते मला माहीत नाही. तेजसचे वडील कधीतरी त्याला क्रेट उचलून द्यायला लागले. पुढच्या थंडीत मामी झोपेतच गेल्या. मला त्यांच्याइतकं माझ्याशी भांडणारं माणूस पुन्हा मिळालं नाही. भिंतीपलीकडची शांतता मला अजून सोसत नाही.

दहाव्याला गर्दी होती. तेजसच्या घरची तिघंही आली होती. विधी उरकल्यावर तेजसची आई रोहनजवळ आली. डोकं भादरलेलं ते पोर अगदीच लहान दिसत होतं. ती म्हणाली, "बाळा, आज्जीनं घातल्यालं काम हुतं ते. तू लई केलंस. आता उद्यापास्नं न्हाई आलास तरी चालंल. आमी कुनी काय म्हननार न्हाई."

रोहननं विचारलं, "तेजसची मूठ मिटती का आता?"

"न्हाई रं."

"मग येतो," तो म्हणाला.